गाळणी बाजूला, ग्लास पुढे!

माघ पौर्णिमा जवळ आली की आमच्या सालेकसा तालुक्यातले सगळे रस्ते जणू एकाच दिशेनं चालू लागतात, कचारगडाकडे. गोंदियाहून डोंगरगढकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर सालेकशाच्या पुढे दरेकसा स्टेशन लागतं. तिथून धनेगाव, आणि धनेगावच्या मागे डोंगर. या डोंगरातली भलीमोठी नैसर्गिक गुहा म्हणजे गोंड समाजाचं श्रद्धास्थान. पारी कुपार लिंगो आणि लेकरांना सांभाळणारी माता जंगो रायताड यांचं हे ठिकाण. १९८० च्या दशकात मोतीरावण कंगाली यांच्यासारख्या अभ्यासकांनी या यात्रेला नव्यानं उजाळा दिला. आता महाराष्ट्राबरोबरच मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातूनही लाखो माणसं येतात.

मीही दरवर्षी जाते. आणि खरं सांगू का मैत्रिणींनो, दर्शनाइतकंच माझं लक्ष असतं ते चढ चढणाऱ्या बायकांकडे. कडेवर लेकरू, डोक्यावर गाठोडं. सावलीत टेकल्या की पाण्याची बाटली निघते. आधी लेकराला, मग सासूला, मग नवऱ्याला. लेकरानं हट्ट धरला की रंगीत शरबत येतं, नाहीतर कंपनीचं थंड पेय येतं. बाईच्या वाट्याला काय? तळाशी उरलेला घोट.

आपल्या गावातल्या, शहरातल्या स्वयंपाकघरात तरी काय वेगळं असतं? मिक्सरमध्ये काही छान फिरवलं, तर ग्लास भरतात मुलांचे आणि घरच्या पुरुषांचे. आपण मात्र मिक्सरच्या भांड्यात वाटीभर पाणी घालतो, खळखळवतो आणि तेच पितो. वर म्हणतो, "वाया कशाला घालवायचं!"

आज स्मूदीबद्दल लिहायला बसले आहे ते याच घोटासाठी.

नाव नवं, चाल जुनी

स्मूदी हा शब्द मुलींच्या मोबाइलमधून आपल्या घरात आला. पण ते आहे काय? फळं आणि भाज्या सालगरासकट, चोथ्यासकट बारीक फिरवून केलेलं दाटसर पेय. ज्यूसमध्ये आपण रस ठेवतो आणि चोथा फेकतो. स्मूदीत काही फेकायचं नाही. या चोथ्यातच तंतू असतात. त्यांनी पोट साफ राहतं, लवकर भूक लागत नाही आणि फळातली साखर रक्तात एकदम न जाता हळूहळू जाते. म्हणून पहिला नियम: गाळणी बाजूला ठेवा.

धनेगावच्या बाजूच्या एका म्हाताऱ्या बाईला मी एकदा हे सगळं समजावून सांगत होते. दाट असतं, पोटभरीचं असतं, सकाळी घ्यायचं, वगैरे. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे तुमची पेजच होय का बाई!" मी हसले, पण तिचं खोटं नव्हतं. तांदळाची, कोदो-कुटकीची पेज पिऊन आपल्याकडची माणसं पिढ्यान् पिढ्या रानात आणि शेतात राबली. पिता येईल असं अन्न, उन्हात थंडावा देणारं आणि पोटाला आधार देणारं. स्मूदी त्याच घरातली म्हणा ना! त्यामुळे तिच्यासाठी शहरातली महागडी फळं आणायची काहीच गरज नाही.

बाजाराची पिशवी उघडू या

यात्रेच्या दिवसांत, म्हणजे जानेवारीच्या अखेरीस आणि फेब्रुवारीत, आपल्या आठवडी बाजारात काय काय असतं बघा. पेरू, म्हणजे आपला जांब. पपई, केळी, आवळे. गाजर, बीट, टमाटर, पालक, सांभार. नागपूरकडची संत्री. धानाच्या बांधीत पेरलेली जवस पुढे हाताशी येतेच. परसात मुनग्याचं झाड असतं. उन्हाळा लागला की काकडी, पुदिना, कैरी, बेल. पावसाच्या तोंडावर जांभूळ. एवढी श्रीमंती पिशवीत असताना डब्यातली पावडर कशाला?

आता थोडं कामाचं बोलू. आवळा आणि पेरू ही दोन फळं 'क' जीवनसत्त्वाची खाण आहेत. या दोन्हींत संत्र्यापेक्षा ते कितीतरी जास्त असतं. हे जीवनसत्त्व भाज्यांमधलं, डाळींमधलं लोह शरीरात शोषून घ्यायला मदत करतं. गाजर-पपईतलं जे 'अ' जीवनसत्त्वाचं द्रव्य असतं, ते थोड्या स्निग्ध पदार्थासोबत चांगलं लागू पडतं. म्हणून पपईत चमचाभर जवसाची पूड घालायची. ही जोडी नीट जमवली की साधा ग्लासही कामाचा होतो.

करून बघा

खालचं प्रत्येक प्रमाण दोन ग्लासांचं आहे. दोन का, ते शेवटी सांगते.

१. हिरवी: पेरू, पालक, आवळा
साहित्य: एक मोठा पिकलेला पेरू, पालकाची ८-१० पानं, एक आवळा, अर्धं केळं, आल्याचा छोटा तुकडा, चिमूटभर काळं मीठ, एक ग्लास पाणी.
कृती: पालक स्वच्छ धुऊन उकळत्या पाण्यात मिनिटभर टाका आणि काढा. ते पाणी फेकून द्या. पेरूच्या बिया दाताखाली कचकच करतात, म्हणून मधला बियांचा गर चमच्यानं काढून घ्या आणि चाळणीवर दाबून बिया तेवढ्या वेगळ्या करा. आवळ्याची बी काढा. सगळं एकत्र फिरवा. केळ्यामुळे आवळ्याचा तुरटपणा झाकला जातो आणि मुलं कुरकुर करत नाहीत.

२. लाल: बीट, गाजर, संत्रं
साहित्य: अर्धं उकडलेलं बीट, एक गाजर, एक संत्रं, अर्धा टमाटर, पाव चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड, मीठ, पाऊण ग्लास पाणी.
कृती: संत्र्याच्या फोडी सोलून बिया काढा. बी वाटली गेली तर सगळं कडू होतं. गाजर किसून घातलं तर साध्या मिक्सरलाही जड जात नाही. दुसऱ्या दिवशी लघवी गुलाबी दिसली तर घाबरू नका, तो बिटाचा रंग असतो.

३. पिवळी: पपई, दही, जवस
साहित्य: एक वाटी पिकलेली पपई, अर्धी वाटी ताजं दही, एक चमचा भाजलेल्या जवसाची पूड, वेलची, अर्धा ग्लास पाणी.
कृती: सगळं एकदम फिरवा. पपई गोड असेल तर साखर, गूळ काहीच लागत नाही. गरोदर बाईनं कच्ची किंवा अर्धी कच्ची पपई मात्र अजिबात घेऊ नये.

४. पेजेची: टमाटर, काकडी, सांभार
साहित्य: एक वाटी गार झालेली तांदळाची पेज, एक टमाटर, अर्धी काकडी, मूठभर सांभार, हिरव्या मिरचीचा तुकडा, जिरेपूड, मीठ, लिंबू.
कृती: पेज सोडून बाकी सगळं आधी बारीक फिरवा, मग पेज घालून एकदा फिरवा. वरून लिंबू पिळा. सकाळी शेतावर, शाळेत, ऑफिसात पळणाऱ्या बाईनं ही घ्यावी. आइस्क्रीम, मलई यांच्याशिवाय दाटपणा येतो आणि दुपारपर्यंत पोट कुरकुरत नाही. त्या म्हाताऱ्या बाईच्या बोलण्यावरूनच ही मला सुचली.

५. उन्हाळ्यासाठी: बेल
साहित्य: एक पिकलेलं बेलफळ, दोन ग्लास पाणी, थोडा गूळ, जिरेपूड, लिंबू.
कृती: गर पाण्यात तासभर भिजू द्या आणि हातानं कुस्करा. बेल मिक्सरमध्ये घालू नका. चिकट बिया वाटल्या गेल्या की चव बिघडते. इथं मोठ्या भोकांची चाळणी वापरायला माझी परवानगी आहे!

मिक्सर नाही, किंवा नेमकी लाइट गेली? काही अडत नाही. पिकलेली पपई, केळं, उकडलेलं बीट ही सगळी रवीनं किंवा डावानं छान घोटली जातात. गाजर-काकडी बारीक किसणीवर किसा. सांभार, पालक, आलं पाट्यावर वाटा. थोडं रवाळ राहील, चमच्यानं खा.

रक्त वाढतं का हो यानं?

हा प्रश्न मला प्रत्येक हळदीकुंकवात विचारला जातो. विशेषतः बिटाबद्दल. "लाल आहे, म्हणजे रक्त वाढवतंच!" रंगावरून रक्त ठरत नाही, मैत्रिणींनो. बिटात फोलिक अॅसिड चांगलं असतं, पण लोह बेताचंच. पालकात लोह असतं, पण ते शरीराला फारसं लागत नाही. स्मूदी हा जेवणाला जोड आहे, जेवणाची किंवा औषधाची जागा ती घेऊ शकत नाही.

आणि हा विषय हसण्यावारी नेण्यासारखा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. म्हणजे दोघी शेजारी बसल्या, तर त्यांतल्या एकीला तरी तो असण्याची शक्यता. जिना चढताना लागणारी धाप, दुपारी येणारी ग्लानी, सतत दुखणारं डोकं याला आपण "कामाचा शीण" म्हणतो आणि चहा टाकतो. तो चहाच जेवणाला लागून घेतला तर जेवणातलं लोह शोषू देत नाही. जेवण आणि चहा यांत तासभराचं अंतर ठेवा, एवढं जरी केलं तरी पुष्कळ.

मग लोह कुठून मिळवायचं? डाळी, कडधान्यं, मेथी, मुनग्याचा पाला, बाजरी, चालत असेल तर मटण-मासळी. स्मूदीतच हवं असेल तर चमचाभर अळीव रात्री भिजवून हिरव्या स्मूदीत घाला. गरोदरपणी मात्र अळीव नको. आरोग्य केंद्रातून आशाताई लोहाच्या गोळ्या देतात. गरोदर बाईला किमान १८० दिवस रोज गोळी घ्यायची असते. ती फडताळात साठवून ठेवू नका. गोळी दह्या-दुधाच्या स्मूदीसोबत, चहासोबत किंवा कॅल्शियमच्या गोळीसोबत घेऊ नका. लिंबू-आवळ्याबरोबर चालते.

आपल्या भागातली वेगळी गोष्ट

गोंदिया, गडचिरोली, भंडारा, चंद्रपूर, नागपूर, या आपल्या पट्ट्यात सिकलसेल हा आनुवंशिक आजार आहे. त्यात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं-सांधे असह्य दुखतात. अंगातलं पाणी कमी झालं, फार ऊन किंवा फार थंडी लागली, अतिश्रम झाले की दुखणं उसळतं. म्हणून अशा मुलाला, अशा बाईला दिवसभर भरपूर पाणी आणि पातळ पदार्थ हवेत. यात्रेत चढ चढताना तर हवेतच. इथं काकडी-ताकाचा, पेजेचा एक ग्लास खरंच उपयोगाचा आहे. पण त्यानं आजार बरा होत नाही, हेही तितकंच खरं.

दुसरं, सिकलसेलच्या रुग्णाला अशक्तपणा असतो, तो लोह कमी असल्यामुळेच असेल असं नाही. म्हणून "पिवळी पडली पोरगी, दे टॉनिक" असं परस्पर करू नका. आधी रक्त तपासा. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय मिशन सुरू झालं. त्यात ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलं. सरकारी दवाखान्यात ही तपासणी होते. लग्नाच्या बोलणीआधी मुलामुलीची पत्रिका बघतो, तशी ही चिठ्ठीही बघायला हवी. दोघंही वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणी मूल आजारी जन्मण्याची शक्यता चारात एक असते.

हे मात्र लक्षात ठेवा

* कडू लागलं की फेका. दुधी, म्हणजे आपली लवकी, आणि काकडी चिरली की आधी तुकडा जिभेवर ठेवून बघा. कडू असेल तर अख्खी फेकून द्या. साखर-मीठ घालून चव झाकू नका. २०१० मध्ये दिल्लीतल्या एका शास्त्रज्ञाचा दुधी-कारल्याचा कडू रस प्यायल्यानंतर मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं तज्ज्ञांची समिती नेमली आणि कडू दुधीचा रस पिऊ नये असं बजावलं. प्यायल्यावर उलट्या, जुलाब, पोटात कळा सुरू झाल्या तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट दवाखाना गाठा.
* पाणी उकळून गार केलेलंच. भाज्या वाहत्या पाण्यात नीट धुवा. कच्चं पोटात जाणार आहे, हे विसरू नका.
* गाडीवरचा बर्फ नको. सगळाच बर्फ खाण्यासाठी केलेला नसतो. मासळी, माल गार ठेवायचा बर्फ वेगळा. महाराष्ट्रात जून २०१८ पासून अशा अखाद्य बर्फात निळसर रंग घालण्याचा नियम आहे. यात्रेत लेकरू गोळ्यासाठी रडलं तर हा रंग आठवा. घरी माठात ठेवलेलं उकळलेलं पाणी पुरेसं गार असतं.
* केली की प्या. फळ चिरून ठेवलं की काळं पडतं, आणि उन्हाच्या दिवसांत स्मूदी लवकर आंबते. डब्यात भरून यात्रेला नेऊ नका. त्यासाठी अख्खी काकडी, संत्री आणि लिंबू-मीठ-साखरेचं पाणी बरं.
* मधुमेह असेल तर केळं, गूळ टाळा, भाज्या जास्त आणि फळ कमी घाला, आणि एक छोटा ग्लासच घ्या. मूत्रपिंडाचा त्रास किंवा मुतखडा असेल तर पालक-बीट-टमाटर घेण्याआधी डॉक्टरांना विचारा.
* चावून खाणं सोडू नका. राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये दिलेल्या आहाराच्या मार्गदर्शनात दिवसाला साधारण ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं सांगितली आहेत. एक ग्लास प्यायला म्हणजे त्यातला काही भाग झाला. ताटातली भाजी आणि हातातला पेरू आहेच.

दुसरा ग्लास कुणाचा?

आमच्या बचत गटात मी हे सगळं सांगितलं तेव्हा एक वहिनी म्हणाली, "ताई, कृती सोपी आहे हो. पण मी प्यायला बसले तर घरचे बघत राहतात ना!" सगळ्या हसल्या, आणि मग एकदम गप्प झाल्या. कारण अडचण मिक्सरची नाही, बिटाच्या भावाचीही नाही. घरात सगळ्यांचं झाल्यावर जे उरेल ते आपलं, हे आपण इतकं मनापासून मानलं आहे की, भरलेला ग्लास हातात घेऊन बसायची लाज वाटते.

म्हणून आम्ही गटात एक साधी गोष्ट ठरवली. कुणाशी भांडायचं नाही, भाषण द्यायचं नाही. फक्त दोन ग्लास करायचे. एक घरात ज्याला गरज असेल त्याचा. दुसरा आपला. आणि आपला आधी ओतायचा. त्या वहिनीनं आठवडाभरानं येऊन सांगितलं, "पहिल्या दिवशी सासूबाई बघतच राहिल्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, माह्यासाठी बी टाक गं थोडं." आता त्यांच्या घरी तीन ग्लास होतात. दोन बायकांचे, एक लेकीचा. घरधनी स्वतःचा स्वतः करून घेतात म्हणे!

लेकीचा ग्लास विशेष महत्त्वाचा. तिची पाळी सुरू झाली की तिच्या अंगातलं लोह दर महिन्याला जातं, आणि नेमकं त्याच वयात ती "भूक नाही" म्हणून उपाशी शाळेत पळते. ती बघते ती आपल्यालाच. आई उरलंसुरलं पिते हे तिनं रोज पाहिलं, तर उद्या तिच्या घरीही तेच होईल.

तेव्हा येत्या बाजाराच्या दिवशी दोन पेरू, चार आवळे आणि पालकाची एक जुडी जास्त घ्या. सकाळी दहा मिनिटं काढा. आणि मिक्सरचं भांडं विसळायला घ्याल, तेव्हा ते पाणी तुळशीला घाला. तुमचा ग्लास तोवर पिऊन झालेला असू द्या.